तीन ठिपक्यांची वही

30 नोव्हेंबर 2024, शनिवार

आज अंधारी रात्र. वाचनालयाच्या गच्चीवर सात मुलं जमली, चार मराठी शाळेतली आणि तीन कन्नड शाळेतली. नैऋत्येला, चोर्ला घाटाच्या बाजूला, शुक्र असा ठळक होता की बोट दाखवायची गरजच पडली नाही. मराठी शाळेतला एक म्हणाला, "शुक्राची चांदणी." कन्नड शाळेतला म्हणाला, "बेळ्ळी चुक्की." बेळ्ळी म्हणजे चांदी, चुक्की म्हणजे चांदणी. ठिपक्यालाही कन्नडमध्ये चुक्कीच म्हणतात. म्हणजे दोन्ही घरांत ती चांदणीच.

सातवीतली मुलगी मात्र अडून बसली. "पुस्तकात ग्रह लिवलंय आणि आजी चांदणी म्हणते. मग खरं कुठलं?"

उत्तर एका वाक्याचं आहे: ताऱ्याला स्वतःचा प्रकाश असतो, ग्रहाला नसतो. तेवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण हे वाक्य मुलांना पाठच आहे, परीक्षेत ती ते लिहितातही. गच्चीवरून मात्र दोघेही उजेडाचे ठिपकेच दिसतात. पुस्तकातलं वाक्य खरं आहे हे इथून, आपल्या डोळ्यांनी, कसं कळणार? प्रकल्प एवढाच.

ठरलं ते असं. आलेखाच्या मोठ्या कागदावर कृत्तिका, रोहिणी, मृग, पुनर्वसू आणि पुष्य हे पट्टे काढायचे. तारे शाईने, कारण ते हलणार नाहीत असं आपण धरून चाललोय. गुरू आणि मंगळ पेन्सिलीने, तारखेसह. शुक्र सूर्याजवळचा, त्याला वेगळा कागद. आकाश मोकळं असेल त्या प्रत्येक रात्री तीन ठिपके, गुढीपाडव्यापर्यंत.

3 डिसेंबर, मंगळवार

फेंगल वादळाचे ढग. नोंद नाही. शिवारात कापून पडलेल्या भाताची सगळ्यांना काळजी, आकाशाकडे आज सगळं गाव बघत होतं, पण वेगळ्या कारणाने.

7 डिसेंबर, शनिवार

आज गुरू सूर्याच्या बरोबर समोर. इकडे सूर्य बुडाला आणि तिकडे पूर्वेला गुरू वर आला. रोहिणीपासून अंतर मोजलं: हात ताठ धरला की आवळलेली मूठ साधारण 10 अंश झाकते. मुठीपेक्षा थोडं कमी, 8 अंश धरले.

मुलांनी आपणहून नियम काढला: लुकलुकतो तो तारा, शांत तो ग्रह. आठ वाजता नियम चोख लागू पडला. रोहिणी थरथरत होती, गुरू स्थिर. पण साडेसहाला, गुरू नुकताच उगवलेला असताना, तोही हलका थरथरत होता हे एका मुलीने लिहून ठेवलं होतं. तिची नोंद बरोबर आहे. क्षितिजाजवळचा उजेड हवेच्या फार जाड थरातून येतो, तिथे ग्रहालाही हवा हलवते. नियम मदतीचा आहे, पण त्याच्या भरवशावर निकाल देता येत नाही.

ग्रह शांत का, हे सांगायला देवळातली दीपमाळ उपयोगी पडली. त्रिपुरी पौर्णिमेला महिनाही झालेला नाही, सगळ्यांनी पाहिलेली. एकच पणती वाऱ्यात ठेवली तर ती फडफडताना दिसते. सगळी दीपमाळ पेटली की प्रत्येक पणती आपापली फडफडते, पण लांबून उजेड एकसारखा वाटतो, कारण एक मंदावते तेव्हा दुसरी उजळते. तारा इतका लांब आहे की तो एकटी पणती. ग्रह जवळ असल्यामुळे त्याला बारीकशी का होईना चकती आहे. चकती म्हणजे दीपमाळ.

मंगळासाठी सव्वादहापर्यंत थांबलो. तो पूर्वेला पुष्याच्या पट्ट्यात, तांबूस. पंचांगात लिहिलंय की तो आजपासून वक्री. लहान मुलांना घरी पाठवून त्याचा ठिपका मी आणि सातवीतल्या मुलीच्या वडिलांनी टिपला.

17 डिसेंबर, मंगळवार

चूक सापडली. नकाशात मी पूर्व उजव्या हाताला काढली होती, भिंतीवरच्या भारताच्या नकाशासारखी. आकाश डोक्यावर असतं, जमिनीसारखं पायाखाली नाही. दक्षिणेकडे तोंड करून वर बघितलं की पूर्व डावीकडे येते. कन्नड शाळेतल्या मुलाने कागद डोक्यावर उलटा धरून ते दाखवलं. नवा कागद काढला, जुने ठिपके मोजून हलवले. आधीचा कागदही ठेवलाय.

27 डिसेंबर, शुक्रवार

बेळगावात 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीची रोषणाई आहे. गांधीजी अध्यक्ष होते ते अधिवेशन. आमच्या गावाला शहर पूर्वेला, त्यामुळे तिकडचं आकाश काही दिवस पिवळसर. गुरू त्यातूनही दिसतो, बारीक तारे बुजले.

वीस दिवसांत गुरू रोहिणीकडे सरकलाय. मुलांनी मोजायच्या आधीच ओळखलं. रोहिणी आणि कृत्तिका यांच्यातलं अंतर शाईत होतं तेवढंच. गच्चीवरचं पहिलं खरं उत्तर आज मिळालं असं मी मानतो: एका रात्रीत दोघं सारखेच, पण वीस रात्रींच्या वहीत एक जागचा हलतो. जुन्या लोकांनी ग्रह ओळखले ते असेच. दुर्बीण नव्हती, प्रकाश स्वतःचा की उसना हे कळायचा मार्ग नव्हता. ग्रीकांनी तर त्यांना 'भटके' हेच नाव दिलं.

शेजारचे आबा कागद बघायला आले. सत्तरी ओलांडलीय, अजून धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, पेरणी स्वतः करतात. रोहिणी कुठली विचारलं, दाखवली. बराच वेळ बघत राहिले. "जन्मभर रोहिणीचं पेरलं आणि रोहिणी आज बघायलोय," म्हणाले. मग त्यांनी विचारलं ते मला फार मोलाचं वाटलं: "रोहिणी निघते मे महिन्यात. आत्ता थंडीत वर कशी?"

मे महिन्यात, 25 तारखेच्या सुमाराला, सूर्य रोहिणीच्या पट्ट्यात शिरतो. म्हणजे त्या वेळी रोहिणी सूर्याच्या मागे, दिवसाच्या उजेडात बुडालेली असते. ज्या नक्षत्रावर आपण पेरतो ते पेरताना कधीच दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या अंगाला जाते आणि तीच रोहिणी रात्रभर दिसते. आबांनी मृग, आर्द्रा, पुनर्वसू सगळी बोटाने मोजून घेतली. पुनर्वसूला इकडे तरणा म्हणतात आणि पुष्याला म्हातारा, पावसाची नावं ती. मंगळ कुठून कुठे चाललाय हे कागदावर बघून ते म्हणाले, "म्हाताऱ्याकडनं तरण्याकडं चाललाय म्हण की." ही ओळ मी कागदावर त्यांच्या नावाने लिहून ठेवली.

5 जानेवारी 2025, रविवार

आज मोजमापाचा दिवस. 1 सेंटीमीटर म्हणजे 1 लाख किलोमीटर. सूर्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर, म्हणजे 14 सेंटीमीटर: एक मोठा सोललेला नारळ. तो वाचनालयाच्या पायरीवर ठेवला. पृथ्वी सव्वा मिलिमीटर, मोहरीचा बारीक दाणा, 15 मीटरवर, पाण्याच्या टाकीजवळ. मंगळाला राजगिऱ्याचा सगळ्यात बारीक दाणा, 23 मीटरवर. गुरूला छोटं बोर, 78 मीटरवर, म्हणजे डेअरीच्या दारात. नेपच्यून मोजायला गेलो तर 450 मीटर, गाव संपून रताळ्याची शेतं लागली.

सगळ्यांना वाटलं, आता पुढचा नारळ पुढच्या गावात असेल. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा 4.24 प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या मापाने तो 4,000 किलोमीटर लांब ठेवावा लागतो. इथून दिल्ली आहे त्याच्या दुपटीहून लांब. मधे काहीच नाही. मुलं गप्प झाली, मीही. आकडा मला माहीत होता, पण मोहरी पायरीपासून पंधरा पावलांवर ठेवून परत येताना तो पहिल्यांदा अंगावर आला.

म्हणूनच रोहिणी शाईने काढता येते. ती थांबलेली नाही, तीही वेगात जातेय, पण 65 प्रकाशवर्षांवरून ती हालचाल माणसाच्या आयुष्यात उघड्या डोळ्याला दिसत नाही. गुरूचा उजेड गेल्या महिन्यात आपल्याकडे 34 मिनिटांत येत होता. रोहिणीचा आज आलेला उजेड 65 वर्षांपूर्वी निघाला. त्या वेळी आबा शाळकरी पोर असतील.

12 जानेवारी, रविवार

मंगळ आज सगळ्यात जवळ: 9.6 कोटी किलोमीटर. व्याध ताऱ्याच्या तोडीचा झळकतोय, रंग निखाऱ्याचा.

एका मुलाच्या आजीने त्याला गच्चीवर यायला बंदी केली. वक्री मंगळ बघू नये म्हणून. मी घरी गेलो. वाद घालायचा नव्हता, काय दिसतं ते सांगायचं होतं. आजींना म्हटलं, तुम्ही निपाणीच्या बसमधून येता, हमरस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून पुढे चाललेला असतो. बस त्याला गाठते, ओलांडते. खिडकीतून लांबच्या झाडांवर नजर ठेवली तर ट्रॉली मागे जाताना दिसते. ती मागे जातेय का? पुढेच चाललीय, आपण जास्त वेगात आहोत. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर धावते, मंगळ 24. दर सव्वीस महिन्यांनी आपली बस त्याला ओलांडते, तेवढे अडीच महिने तो ताऱ्यांमधून मागे सरकल्यासारखा दिसतो. लांबची झाडं म्हणजे पुनर्वसू. तारे तिथे नसते तर मंगळ वक्री झाला हे कुणाला कळलंच नसतं.

आजी म्हणाल्या, "ट्रॉलीचं कळलं. पण मंगळाची पोर मंगळाचीच असते." नातवाला मात्र पाठवलं.

ही नोंद इथेच संपवायला हवी, पण लिहितो. माझ्या ताईचं एक स्थळ मंगळावरून मोडलं होतं. साखरपुड्याचा दिवस ठरलेला. घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, आईने फक्त पंचांग कपाटात ठेवून दिलं. ताईचं पुढे निपाणीत चांगलं झालं. पण ती दोन वर्षं ती कुठल्याच लग्नाला गेली नाही. त्या मंगळाला मी आता रोज मुठीने मोजतो. राजगिऱ्याचा दाणा, 23 मीटरवर, स्वतःचा उजेड नसलेला. माझा राग अजून गेलेला नाही.

18 जानेवारी, शनिवार

कालच्या रात्री मंगळ आणि पुनर्वसूचे दोन तारे सरळ रेषेत. आज संध्याकाळी शुक्र आणि शनी दोन बोटांवर, जेमतेम दोन अंश.

व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतोय: सगळे ग्रह एका रांगेत, आयुष्यात एकदाच. मुलांना म्हटलं, दोरी आणा. दोघांनी दोरी ताणून शुक्र-शनीपासून गुरूवरून मंगळापर्यंत धरली. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एक कमान. रांग खरी आहे, पण ती रोजचीच. सूर्य आणि चंद्रही याच वाटेने जातात. चार ठळक ग्रह संध्याकाळी एकाच वेळी वर असणं नेहमीचं नाही, म्हणून बघायला जरूर या, असा निरोप मी गावाच्या गटावर टाकला. गच्चीवर आज तीसेक माणसं.

रांग का, हे जास्त महत्त्वाचं. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक ढग आपल्याच वजनाने आक्रसला. फिरता फिरता तो चपटा झाला, भाकरीसारखा. मधे गोळा झाला तो सूर्य, कडेच्या चकतीत उरलं त्याचे ग्रह. म्हणून सगळे जवळपास एकाच पातळीत फिरतात. सगळ्या सूर्यमालेच्या वस्तुमानाचा 99.8 टक्क्यांहून जास्त भाग सूर्याने घेतला, राहिलेल्या चिमटीत गुरू, शनी, पृथ्वी, आपण. ताऱ्याचं आणि ग्रहाचं नातं मालक-चाकराचं नाही, एकाच कणकेचं आहे.

26 जानेवारी, रविवार

गुरुवारी मंगळ पुनर्वसूतल्या ठळक ताऱ्याच्या सगळ्यात जवळ आला, अडीच अंशांच्या आत. त्या ताऱ्याचं इंग्रजी नाव पोलक्स. 34 प्रकाशवर्षांवरचा, नारिंगी, सूर्यापेक्षा बराच मोठा. याला स्वतःचा ग्रह आहे. 2006 साली जाहीर झाला, गुरूच्या निदान दुप्पट वजनाचा, त्याचं एक वर्ष सुमारे 590 दिवसांचं. मी हे सांगितलं तेव्हा सातवीतली मुलगी म्हणाली, "मग आज तिथं दोन ग्रह हाईत. एक आमचा पुढं, एक त्यांचा मागं." मला हे असं सुचलं नसतं.

तो ग्रह कुणालाही ठिपका म्हणून दिसलेला नाही. मग कळला कसा? त्यासाठी झेंडावंदनानंतर मैदानात फुगडी घातली. दहावीतली एक उंच मुलगी आणि पहिलीतली चिमुरडी. दोघींच्या पायांखाली रांगोळी पसरली. पाच गिरक्यांनंतर बघितलं: चिमुरडीच्या पावलांनी मोठं वर्तुळ काढलं होतं, मोठीच्या पावलांनी छोटं. पण छोटं का होईना, काढलं होतं. मोठी एका जागी उभी राहूच शकली नाही.

तारा आणि ग्रह अशीच फुगडी घालतात. गुरू सूर्याला इतपत ओढतो की दोघांचा सामाईक मध्य सूर्याच्या पृष्ठभागाच्या थोडा बाहेर येतो. लांबून चिमुरडी दिसत नसली तरी मोठी डुलताना दिसते. तारा आपल्याकडे येतो तेव्हा त्याचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जातो तेव्हा तांबड्याकडे. मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी 1995 मध्ये याच रीतीने सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला, त्याबद्दल त्यांना 2019 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव द्यायचा मान भारताला मिळाला: ताऱ्याचं नाव बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून, आणि ग्रहाचं संतमस. तो तारा डोळ्यांना दिसत नाही, याची मुलांना फार चुटपुट.

4 फेब्रुवारी, मंगळवार

गुरू थांबला. रोहिणीच्या उत्तरेला 5 अंशांवर. आता तो उलट, पूर्वेकडे चालू लागेल.

एकाने विचारलं, गुरूत सूर्यासारखाच हायड्रोजन आणि हेलियम आहे, तर तो पेटत का नाही? शिवारातल्या गवताच्या गंजीचं उदाहरण दिलं. ओलं गवत घमेलंभर ठेवलं तर काही होत नाही. तेच ओलं गवत रचून मोठी गंजी केली तर आतून तापते, हात घालवत नाही. गवत तेच, ढीग मोठा. सूर्यात तापण्याचं कारण वेगळं आहे, तिथे वजनाच्या दाबाने हायड्रोजनचे गाभे एकमेकांत मिसळून हेलियम होतं. मध्यावर दीड कोटी अंश तापमान, सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन खर्ची पडतो. पण ढिगाच्या आकाराची गोष्ट खरी. गुरू आहे त्याच्या साधारण 80 पट जड असता तर तारा झाला असता. गंजी पुरेशी मोठी रचली गेली नाही.

24 फेब्रुवारी, सोमवार

मंगळही थांबला. कागदावर वळण स्पष्ट. चमक निम्म्याहून कमी. दहावीची मुलं आता येत नाहीत, परीक्षा.

1 मार्च, शनिवार

आजची नोंद सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहावी अशी.

शुक्र आता नैऋत्येला नाही, पश्चिमेला, पार चंदगडच्या बाजूला उतरलाय. जवळच द्वितीयेची चंद्रकोर. एका माजी सैनिकाने त्यांची दोन डोळ्यांची दुर्बीण आणून दिली. हात हलू नयेत म्हणून ती कठड्यावर वाळूच्या पिशवीवर टेकवली. उजेड पुरता गेला नव्हता, ते बरं झालं, अंधारात शुक्राचा झगमगाट डोळ्याला टिकू देत नाही.

पहिला नंबर कन्नड शाळेतल्या मुलाचा. बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, बेळ्ळी चुक्की अर्धीसुद्धा नाही. कोर हाय."

सगळ्यांनी बघितलं. नखाएवढी, पण धारदार कोर. वर शुक्राची कोर, खाली चंद्राची कोर, दोन्हींचा उजळ भाग बुडालेल्या सूर्याकडे. सातवीतल्या मुलीने दुर्बिणीतून डोळा काढला आणि सूर्य गेला होता त्या जागेकडे बोट दाखवलं. स्वतःचा उजेड असता तर शुक्र सगळीकडून उजळ, गोल दिसला असता. जिकडे सूर्य तिकडेच उजेड, म्हणजे उजेड सूर्याचा. गॅलिलिओने 1610 साली शुक्राच्या कला अशाच पाहिल्या आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्यावरून ठरवलं. तीस नोव्हेंबरला मी न सांगितलेलं वाक्य आज मुलीने वहीत लिहिलं, आपल्या शब्दांत: "शुक्राला सूर्य दिसतो तेवढाच तो आम्हाला दिसतो."

यातलं मी एक अक्षर बदललेलं नाही.

23 मार्च, रविवार

शुक्र आज पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधून जातोय, दिसणार नाही. त्याचा कागद पूर्ण. शाळांच्या परीक्षा चालू, गच्चीवर मी आणि आबा.

30 मार्च, रविवार, गुढीपाडवा

काल अमावास्या, आकाश काळंभोर. मंगळ पुनर्वसूच्या ठळक ताऱ्याखाली, 4 अंशांवर. जानेवारीत जिथून मागे गेला त्याच भागातून आता पुढे निघालाय, थोडा खालच्या वाटेने. ठिपके जोडले तर लांबट फास होतो. गुरूही रोहिणीपासून पुन्हा मूठभर लांब. शाईचा एकही तारा जागचा हललेला नाही.

ताई पाडव्याला आलीय. जेवणानंतर गच्चीवर आली, कागद बघितला. फास कशाचा विचारलं, सांगितलं. ट्रॉलीचं उदाहरण तिला लगेच पटलं, ती त्याच रस्त्याने ये-जा करते. मंगळ कुठला म्हणाली. दाखवला. जानेवारीच्या मानाने आता साधाच दिसतो, तांबूस, शांत.

"एवढाच?"

"एवढाच."

पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने मूठ ताठ धरून अंतर मोजलं, दोनदा, आणि शेवटचा ठिपका टाकून खाली तारीख घातली.

पुढच्या वेळी पृथ्वी मंगळाला ओलांडेल ती 2027 च्या फेब्रुवारीत. त्याआधी एप्रिलपासून शुक्र पहाटे पूर्वेला. मुलांना साडेपाचची वेळ दिलीय, आबा पाचला येतो म्हणाले.